दहाव्या वर्षाची अर्धी भाकर

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी भावाचा फोन आला. माझा धाकटा भाऊ लोधीखेड्याजवळच्या आमच्या गावात संत्र्याची बाग करतो आणि माझ्याशी एरवी पाऊस, बाग आणि आईची तब्येत एवढ्याच विषयांवर बोलतो. त्या दिवशी मात्र तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ताई, पोरीचं ते झालं."

"कोनतं ते?"

"ते. बायांचं."

पोरीला, म्हणजे माझ्या भाचीला, दहावं पूर्ण व्हायला अजून तीन महिने होते. ती चौथीत आहे. मी विचारलं, "कशी आहे ती?"

"बरी आहे. दोन महिने झाले त्याले. तू टेन्शन नको घेऊ. आम्ही तिची भाकर अर्धी केली. अंडं, दूध, गूळ, शेंगदाने, सारं बंद. अंग उतरलं की थांबते म्हनते माय. पुढं दोन-तीन वर्षांनी आलं त चालते. नाई त मंग..."

"नाई त मंग काय?"

त्याला पुढचं वाक्य बोलायचं नव्हतं आणि मला ते ऐकायची गरज नव्हती. आमच्या घरात ते वाक्य पोरगी जन्मल्यापासून बोललं जातं आहे. नाही तर पोरगी आत्यासारखी होईल.

मला इतका राग आला की चहा उतू जाऊन गॅस विझला तरी मला कळलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मी येऊन राहिली." आणि फोन ठेवला.

माझी ओळख सांगायची तर मी पांढुर्ण्यात एका सरकारी कार्यालयात बाबू आहे. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून टेबल मोठं झालं आणि काम दुप्पट. माझं वजन एक्क्याण्णव किलो आहे. हे मी स्वतःहून सांगून टाकते, कारण नाहीतर लोक अंदाज बांधत बसतात आणि त्यात त्यांचा फार वेळ जातो. लग्न केलं नाही. का केलं नाही, याचं उत्तर प्रत्येकजण माझ्या कमरेकडे पाहून मनातल्या मनात देतो. खरं कारण असं की मला करायचं नव्हतं. पण ते कारण आजवर कोणालाच पटलेलं नाही, म्हणून मी सांगायचं सोडून दिलं.

आमच्या घरात बायकांची पाळी कोणत्या वर्षी आली यावरून त्यांची किंमत ठरते, आणि या हिशेबात माझी आई सगळ्यात वर आहे. तिला सोळाव्या वर्षी आली. हे ती अजूनही अशा सुरात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, तिनं काहीतरी मिळवलं. तिच्या वेळी तिला पाटावर बसवलं होतं. मामीनं नवं लुगडं आणलं, गल्लीतल्या बाया आल्या, गाणी झाली, आणि पाच दिवस तिला खोबरं, खारीक, तुपातला शिरा असं सगळं बसल्या जागी खाऊ घातलं. आमच्याकडची रीतच होती ती. पोरगी मोठी झाली की तिला भरवायचं, कारण आता तिच्या अंगाला लागतं. आईच्या आयुष्यात तिला कोणी आग्रह करून खाऊ घातलं ते त्या पाच दिवसांत. तिनंच सांगितलेलं आहे.

मला साडेदहाव्या वर्षी आली. पाचवीत होते. शाळेतून आले तर फ्रॉकला डाग. मला वाटलं पळताना कुठं लागलं, कारण मी फार पळायची. गावच्या शाळेत मुलींमध्ये माझ्या पुढे कोणी नव्हतं आणि मुलांमध्ये दोघेच होते. अंगानं मी भरलेली होते, गाल होते, मांड्या होत्या, पण पळायला त्यांचा काही अडथळा नव्हता. आईनं डाग पाहिला आणि आधी दार लावून घेतलं. मग मोठ्या काकूला बोलावलं. काकूनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "खाऊन खाऊन आनली हिनं."

मी काहीतरी आणलं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

माझ्यासाठी पाट मांडला नाही. मामीला निरोप गेला नाही. एवढ्या लहान पोरीला आली म्हटल्यावर लोक काय म्हणतील, या भीतीनं मला बाजूलाही बसवलं नाही, कारण बाजूला बसवलं असतं तर शेजारणींना कळलं असतं. म्हणजे शिवाशीव नाही, कोपरा नाही, सगळं कसं मोकळं. फक्त माझ्या ताटातली भाकर अर्धी झाली. ज्या रीतीनं सोळाव्या वर्षी आलेल्या पोरीला तुपातला शिरा भरवला, तीच रीत साडेदहाव्या वर्षी आलेल्या पोरीच्या तोंडचा घास काढत होती. रक्त दोघींचंही तेवढंच गेलं होतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या महिन्यात पाळी पुन्हा आली. काकू म्हणाली, अजून अंग उतरलं नाही. मग सकाळचं दूध गेलं. मग पळणं गेलं, कारण पळताना छाती हलते. मी वर्गात बसून पोटाचा आवाज ऐकायची आणि बाकावरच्या मैत्रिणीला ऐकू जाईल म्हणून खोकायची.

आमच्या घरी वेचलेला कापूस ठेवायची एक खोली होती. त्याच खोलीत गुळाची ढेप आणि शेंगांचं पोतं असायचं. मी कापसाच्या ढिगात मागच्या बाजूला बसायची आणि खायची. गूळ दातानं तोडून, शेंगा फोलपटासकट. चव लागायची नाही. आधी कान दाराकडे असायचे आणि मग तोंडात घास. केसांना कापूस चिकटायचा, तो काढून मग बाहेर यायची. खाणं ही लपून करायची गोष्ट आहे आणि सापडलं की भराभर संपवायची गोष्ट आहे, हे मी त्या खोलीत शिकले. अजूनही पूर्ण विसरलेले नाही. कार्यालयात वाढदिवसाचा केक आला तर मी चार जणांसमोर नको म्हणते आणि घरी येऊन एकटी पाव किलो जिलेबी संपवते. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण ती लाज माझी एकटीची नाही, म्हणून लिहिते.

असो. त्या रविवारी मी सौंसरची बस पकडली. बस जामसांवलीला जाणाऱ्या भाविकांनी भरलेली होती. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "जरा सरकून बसा ना ताई." मी म्हणाले, "मी सरकली. आता जेवढी उरली तेवढी मीच आहे." ती हसली आणि तिनं मला प्रसादाचा पेढा दिला. मी तो तिच्यासमोर खाल्ला.

घरी पोचले तेव्हा भाची ओट्यावर हिंदीचं पुस्तक घेऊन बसली होती. धावत आली आणि कमरेला मिठी मारली. नेहमी ती विचारते, आत्या किती दिवस राहशील. त्या दिवशी तिनं विचारलं, "आत्या, तुह्या पिशवीत काय आहे?"

पिशवीत माझा डबा होता. दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. ती माझा हात धरून मला गोठ्याच्या मागे घेऊन गेली. उभ्या उभ्या तिनं पोळीची गुंडाळी केली आणि तोंडात कोंबली. चावता चावता ती मान वळवून दाराकडे पाहत होती.

ती नजर मी ओळखली. मला कोणी कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

"हळू खा बाई," मी म्हणाले. "मी उभी आहे इथं. माह्या आडून कोनालेच काही दिसत नाही."

ती हसली. माझ्या आकाराचा एवढा चांगला उपयोग आजवर कोणी केला नव्हता.

घरात गेल्यावर भावजय माझ्याकडे पाहीना. शेवटी चुलीपाशी बसून म्हणाली, "मले काही समजून नाही राहिलं ताई. हे म्हनतात कमी देजो, माय म्हनते कमी देजो. अन् पोट्टी शाळेतून आली की पहिले डबे उघडून पाह्यते. मी डबे वर ठेवले. तिनं स्टूल आनला. मंग मी स्टूल बाहेर काढला." आणि रडायला लागली. तिच्यावर रागवायला मी आले होते, पण स्टूल बाहेर काढणाऱ्या आईवर रागवायचं तरी काय. मी म्हणाले, उद्या पोरीला मी पांढुर्ण्याला डॉक्टरबाईंकडे नेते. आई माळवदाच्या सावलीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "डाक्टरनी काय सांगनार? तुले न्यायले पायजे होतं तवा." मी उत्तर दिलं नाही. तेव्हा दिलं असतं तर ते फार मोठं झालं असतं.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या आहेत, तोडून बोलणाऱ्या. त्यांनी पोरीला तिच्याशीच बोलून सगळं विचारलं. उंची घेतली, वजन घेतलं, हाताचा एक्स-रे काढायला लावला, रक्त तपासलं. रात्री आम्ही दोघी माझ्याच घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "लवकर आहे, पण आजार नाही. आठ वर्षांच्या आतच अंग बदलायला लागलं असतं तर मी जास्त शोधाशोध केली असती. हिला लोहाच्या गोळ्या देते, रक्त कमी आहे. आणि जेवण?"

मी जेवणाचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"वाढतं लेकरू आहे, दर महिन्याला रक्त जातं आहे, आणि तुम्ही तिचं ताट तोडता? कोणाची अक्कल ही?"

"आमच्या घरची," मी म्हणाले.

मग मी जे विचारायला तेहतीस वर्षं लावली ते विचारलं. पोरीला बाहेर नर्सबाईंजवळ बसवून विचारलं. म्हटलं, लवकर पाळी आली म्हणून माणूस जाड होतं का? माझं हे जे आहे ते त्या वर्षामुळं आहे का?

त्या म्हणाल्या, "ज्यांना लवकर येते त्यांचं मोठेपणी वजन थोडं जास्त असतं, असं दिसतं. हे खरं आहे, मी खोटं सांगणार नाही. पण पुष्कळदा लहानपणी अंग भरलेलं असतं म्हणून पाळी लवकर येते, आणि तेच अंग पुढं मोठेपणी राहतं. दोन्हींच्या मागं एकच गोष्ट असते. शिवाय घराण्यात काय आहे, खाणं काय, हालचाल किती, हे सगळं आलंच. तुमच्या एकटीच्या बाबतीत त्या वर्षाचा वाटा किती, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. आणि सांगितलं तरी त्यात गुन्हा कोणाचा?"

"माझ्या आईला सोळाव्या वर्षी आली," मी म्हणाले.

"तुमच्या आईला लहानपणी खायला काय होतं?"

मी आठवून पाहिलं. कण्या, आंबील, कधी भाजी. दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेलं की मिळालेली शिळी भाकर. मी सांगितलं.

"मग उशिराच येणार. आता लेकरांना पोटभर मिळतं, आजार कमी झाले, म्हणून सगळीकडेच वय खाली आलं आहे. त्यात पाकिटातलं खाणं वाढलं, खेळणं कमी झालं, हेही आहे. ते कमी करा खुशाल. पण भाकर नका कमी करू. अंडं द्या, दूध द्या, आणि तिला पळू द्या."

दवाखान्याच्या बाहेर येऊन मी पोरीला उकडलेली अंडी घेऊन दिली. गाडीवाल्यानं मीठ-तिखट टाकून दिलं. ती म्हणाली, "आत्या, इथंच खाऊ? सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, इथंच. रस्त्याच्या मधोमध उभी राहून खा. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून खाऊ लागली, कारण ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

मी मात्र मनातल्या मनात पेटले होते. आईचं ते सोळावं वर्ष! ज्याच्यावरून मला आयुष्यभर खाली पाहायला लावलं, ते भुकेचं वर्ष होतं. आणि आम्ही त्याला शील समजत बसलो.

गावी परतताच भाऊ कुठं म्हणून विचारलं. तो बागेत होता. मी सरळ बागेत गेले. डिसेंबरात आमच्याकडे संत्र्याचं पाणी तोडलेलं असतं. त्याला ताण देणं म्हणतात. झाडाला पाण्यावाचून तहानेलं ठेवायचं, पानं मलूल होऊन खाली वळली की समजायचं ताण बसला. मग जानेवारीत खत घालून पाणी सोडायचं, आणि उपाशी राहिलेलं झाड जिवाच्या आकांतानं फुलतं. तो आंबिया बहार. माझा भाऊ ताण द्यायला फार हुशार आहे, चार गावचे लोक त्याला विचारायला येतात. तो एका झाडाची पानं चुरगळून पाहत होता.

डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ताई, डाक्टर पुस्तकातलं सांगतात. मी आपल्या आनुभवाचं सांगून राहिलो. लेकराचं शरीर अन् झाड एकच. थोडा ताण देल्ला की सारं ताब्यात राह्यते."

"झाडाले ताण कायसाठी देतो तू?"

"कायसाठी म्हंजे? बहार यावा म्हनून."

"अन् पोरीले?"

हातातली पानं त्यानं खाली टाकली. झाड फुलावं म्हणून उपाशी ठेवणारा माणूस पोरीनं फुलू नये म्हणून तिला उपाशी ठेवत होता, आणि वर दोन्हींना एकच शास्त्र म्हणत होता. आमच्या गावात संत्र्यातलं सगळ्यात जास्त कळणाऱ्या माणसाची ही चूक होती.

"अन् खतपानी जास्त झालं त झाड माजते, नुसता पाला करते, फूल नाई धरत, हे कोन सांगत फिरते गावभर?" मी म्हणाले. "तुह्याच शास्त्रानं जायचं त तिले चार भाकरी दे."

खरं सांगायचं तर मलाही ठाऊक होतं की पोरगी झाड नाही आणि यातलं काहीच तिला लागू नाही. पण तो ज्या भाषेत चुकला होता त्याच भाषेत त्याला हरवायचं होतं, आणि मी हरवलं. मला बरं वाटलं, हे कशाला लपवू.

हरलेला माणूस मग हाताला येईल ते फेकून मारतो. भाऊ खाली पाहत म्हणाला, "बोलन्यात तुले कोन जिंकन? पन तू सोतःकडे पाह्य ना एकदा. माह्या पोरीचं तसं होऊ नाई म्हनून करून राहिलो मी. बाप आहे मी तिचा."

"पाह्यलं," मी म्हणाले. "रोज पाह्यते. एक्क्यान्नव किलो आहे मी. सकाळी आठ वाजता घरून निघते, दोन माळे चढते, तुह्या बागेचा नुकसानीचा अर्ज अडकला होता तो मीच काढून आनला, मायच्या दवाखान्यात मीच बसली. या अंगानंच केलं सारं. यात असं काय आहे की पोरीनं भ्याव? अन् तुले मालूम आहे, मी अशी काऊन झाली ते मलेच मालूम नाई. पन एक मालूम आहे. माही भाकर अर्धी केली तवा मी कापसाच्या खोलीत बसून गुळाची ढेप खात होती. दररोज. तुही पोरगी परवा गोठ्याच्या मांगं उभी राहून माह्या डब्यातली पोळी खात होती. तशीच, दाराकडे पाह्यत. तुले आत्यासारखी पोरगी नाई पायजे ना? त तू तिले आत्यासारखीच वाढवून राहिला."

माझा आवाज किती चढला होता ते बांधापलीकडच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहिल्या तेव्हा मला कळलं. भावानं डोळ्यावर हात धरला. तो रडतो आहे की ऊन लागतं आहे, हे मी पाहायला थांबले नाही.

घराकडे येताना माझ्या डोक्यात एकच होतं. पोरीसाठी पाट मांडायचा. तिच्या मामीला बोलावायचं, गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलावायचं, गाणी म्हणायची, खारीक-खोबरं भरवायचं. दहाव्या वर्षी आली म्हणून लपवणार नाही, वाजवून सांगणार. मी वाण्याच्या दुकानातून जाताजाता खारीक आणि सुकं खोबरं घेतलंसुद्धा. भाचीला ओट्यावर बसवून मी माझा सगळा बेत सांगितला.

तिचा चेहरा एवढासा झाला. "नको ना आत्या," ती म्हणाली. "शाळेत समजन सगळ्यांले. मले नाई बसायचं पाटावर."

"अवं, पन लाज कायची त्यात?"

"लाज नाई. मले खेळाले जायचं आहे." मग हळूच म्हणाली, "मले फक्त भूक लागते."

मी खोबऱ्याची पुडी खाली ठेवली. माझ्या अपमानाची भरपाई मी हिच्या अंगावर करायला निघाले होते. काकूनं मला लपवलं आणि मी हिला मिरवणार होते, आणि हिला काय हवं ते आम्ही दोघींनीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बरं. कोणाला सांगणार नाही. खारीक मात्र खा. तिनं लगेच तीन खाल्ल्या.

दुपारी जेवायला सगळे एकत्र बसलो. भाऊ बागेतून येऊन हातपाय धुऊन मुकाट्यानं पोरीच्या शेजारी बसला. तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची, भाजी होती, ज्वारीची भाकर होती. भावजयीनं पोरीच्या ताटात अर्धी भाकर ठेवली आणि हात तसाच धरून नवऱ्याकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "पुरी दे." मग जरा वेळानं म्हणाला, "अन् अंडं आहे का घरात?"

पोरगी जेवू लागली. पहिले काही घास तिनं भराभर गिळले आणि दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. सगळे तिथंच बसलेले होते, तिच्याभोवती. मग तिचा हात मंदावला. तिनं भाजी कुस्करून भाकरीला लावली, चावून खाल्लं, पाणी प्याली. दुसरी भाकर मागितली. ती संपत आली तेव्हा माझ्याकडे पाहून तिनं सहज विचारलं, "आत्या, तुले माह्यासारखं झालं होतं ना लहानपनी? तवा तुह्यासाठी कोन आलं होतं?"

मी काहीतरी हसण्यावारी नेणार होते. तेवढ्यात आई बोलली. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिनं अजून घास घेतला नव्हता.

"कोनी नाई आलं," आई म्हणाली. "मीच होती घरात. अन् मीच काढून घेतली तिची भाकर."

आई ताटाकडे पाहत बोलत राहिली. "आमाले खायलेच नाई भेटे बाई. मले सोळाव्या वर्षी आली. मले वाटलं, उपाशी राह्यलेल्या पोरीले उशिरा येते, त हिले उपाशी ठेवलं त थांबन. लहान होती ना ती. एवढीशी. मले वाटलं, अजून थोडी राहू द्या लहान." मग तिनं मान वर केली आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कमरेकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. "तू कापसाच्या खोलीत जायची, ते मले मालूम होतं. गुळाची ढेप मी झाकत नव्हती."

मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं मी चोरी करते आहे. तिला ठाऊक होतं. समोर द्यायची हिंमत नव्हती म्हणून तिनं ढेप उघडी ठेवली, आणि मला चोर होऊ दिलं.

आई माझ्या तोंडाकडे पाहत वाट पाहत होती. आमच्याकडे अशा वेळी लेकीनं काय म्हणायचं असतं ते ठरलेलं आहे. जाऊ दे माय, झालं ते झालं, एवढंच. मी ते म्हटलं नाही. मनात नव्हतं, म्हणून म्हटलं नाही, आणि उद्याही म्हणेन असं वाटत नाही.

पोरीनं ताट पुढे केलं आणि तिसरी भाकर मागितली. भावजय उठायच्या आत आई उठली.